ताई कशाने गेली

माझी ताई रोगाने नाही मेली. तिला नवऱ्याने लाथा घालून मारली.

आज तिचं वर्षश्राद्ध.

काल लालबागच्या मार्केटमध्ये तिच्या चाळीतल्या एक काकू आईला म्हणाल्या, बाई चांगली होती हो, पण काय तो घाणेरडा रोग. आई भाजीची पिशवी तिथेच टाकून घरी आली.

म्हणून लिहितेय. त्या काकूंनाही फॉरवर्ड करा.

ताईला सहावा महिना होता. रक्त तपासलं तर सिफिलिस. डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, घाबरू नकोस, पेनिसिलिनने बरा होतो. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. नाही घेतलीस तर बाळ पोटातच जाऊ शकतं. नवऱ्यालाही आण, त्याचे उपचार होईपर्यंत त्याच्यापासून लांब राहा.

त्याला आदल्या वर्षी खाली फोड आला होता. दुखला नाही, आपोआप गेला. फोड जातो, रोग रक्तात राहतो, हे ताईने त्याला समजावलं.

तो म्हणाला, "माझं बरं झालं. तुझ्यात सापडलं, म्हणजे तूच बाहेरून आणलंस."

आणि कमरेचा पट्टा काढला.

दुसऱ्या इंजेक्शनला गेली तेव्हा तिचा एक डोळा उघडत नव्हता. कमरेखाली एवढे काळेनिळे वळ, की सुई कुठे टोचायची ते सिस्टरना कळेना.

मी म्हटलं, चल घरी. तर सासू म्हणते, आमच्यात सातव्या महिन्याची ओटी भरल्याशिवाय सून माहेरी जात नाही.

आणि ओटी भरायला एक बाई पुढे येईना! हात लागला तर आपल्याला होईल म्हणे. अहो, ओटी भरून सिफिलिस होत नाही.

मी कडकडून भांडले. पण ताईच घाबरली. अशीच निघाले तर 'बाळ माझं नाहीच' म्हणेल तो, म्हणाली. राहिली तिथेच, मार खात.

तिसरं इंजेक्शन घेऊन ती दुपारी परत आली. तो घरातच बसला होता.

चाळीत दिवसा कोणी दार लावत नाही. त्या दुपारी अख्ख्या मजल्याने लावलं.

त्याने तिला केस धरून भिंतीवर आपटली. खाली पडल्यावर पोटात लाथा घातल्या. कोणीतरी नाव न सांगता मला फोन केला. मी पोचले तेव्हा मोरीपर्यंत रक्त गेलं होतं.

तो आता जेलमध्ये आहे. तिथे त्याचं रक्त तपासलं, पॉझिटिव्ह निघालं. त्यालाही तीच इंजेक्शनं दिली. ठणठणीत आहे मेला.

मुलीला पोट कापून काढलं. एवढीशी होती. तिलाही पेनिसिलिन दिलं, काचेत ठेवलं. जगली. आता माझ्याकडे असते, आईचे डबे ओढून पाडते.

ताई टेबलावरच गेली.

हॉस्पिटलला नेताना टॅक्सीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सीट भिजली होती. नवऱ्याचं नावही तिने काढलं नाही. माझा हात घट्ट धरून एवढंच म्हणाली,

"डॉक्टरांना सांग, मी तिन्ही घेतलीत."

सांगितलं गं ताई.

पोर बरी आहे. जा आता, शांत झोप.