टबातल्या दूर्वा

आमच्या गॅलरीत लहान बाळाला आंघोळ घालायचा एक निळा टब आहे. माझी मुलगी त्यात बसून पाणी उडवायची. आता ती दहावीला आहे आणि टबात दूर्वा आहेत. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, चार पावलांच्या त्या गॅलरीत मी जास्वंद लावलीय, मोगरा, गवती चहा आणि दोन कुंड्यांत मिरच्या. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. घरी कोणी आलं की आधी गॅलरी दाखवते, मग पाणी विचारते.

सुरुवात काही भक्तीतून झाली नाही, वैतागातून झाली. सकाळी तीन डबे, मुलीचा क्लास, नवऱ्याच्या न सापडणाऱ्या किल्ल्या, आणि त्यातच आतून सासूबाईंची चौकशी, फुलांची पुडी आली का म्हणून. गुडघे धरल्यापासून त्यांना देवासमोर बसवत नाही, तेव्हापासून पूजा माझ्याकडे आली. मी ती उरकायची. हात देवावर, कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. गंध लावताना ऑफिसातल्या कुणाला काय उत्तर द्यायचं ते मी मनात जुळवत असायची. ती पुडीची रोजची चौकशी तरी संपावी, एवढ्याचसाठी मी जास्वंदीचं रोप आणलं.

ते लागलं, फुललं, आणि मला नाद लागला. घर उठायच्या आधी मी गॅलरीत जायला लागले. मातीत बोट घालून ओल बघायची, पिवळी पानं काढायची, बस्स. त्या वेळात माझ्याकडे कोणी काही मागत नसे. पुढे लक्षात आलं, की तोडलेलं फूल घेऊन देवासमोर बसले की कुकर ऐकू येत नाही. ज्या फुलाची कळी मी चार दिवस बघितली होती, ते वाहताना मन दुसरीकडे जाईच ना. माझी श्रद्धा अशी कुंडीतून वर आली, आणि मला ती कुठल्याही प्रवचनापेक्षा पक्की वाटते.

सासूबाईंना मात्र हे सगळं शोभेचं वाटायचं. जास्वंद त्यांनी चालवून घेतली, पण दूर्वांचं नाव काढल्यावर म्हणाल्या, दूर्वा जमिनीत येतात, टबात येतं ते गवत. गणपतीच्या दूर्वा त्यांनी आयुष्यभर स्वतः मंडईतून आणल्या, आदल्या दिवशी मांडीवर पंचा पसरून एकेक निवडल्या. यंदा मी जाहीर केलं, की एकवीस दूर्वांची जुडी आपल्या टबातली होईल. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात त्यांचं न बोलणं हेच मत असतं.

गणपती दीड आठवड्यावर आले आणि घरात साफसफाई निघाली. रविवारी मी मुलीला घेऊन तिच्या क्लासच्या सरांना भेटायला कर्वेनगरला गेले होते. परत आले तर नवरा गॅलरीत घामाघूम, चेहऱ्यावर बक्षीस समारंभाला निघाल्यासारखा आनंद. पाहुणे येणार म्हणून त्याने गॅलरी धुतली होती. कुंड्या ओळीत लावल्या होत्या, आणि निळा टब घासून पुसून भिंतीला पालथा घातला होता. त्यात नुसतं गवत माजलं होतं, म्हणाला, म्हणून उपटून टाकलं.

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो तसाच खाली गेला आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यातून ते सगळं उपसून वर घेऊन आला, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

पानं मान टाकून होती, पण दूर्वेच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. मी पेरं बघून तुकडे केले, टब भरला, ते आडवे लावले आणि वर माती पसरली. सासूबाई दारात उभं राहून बघत होत्या. म्हणाल्या, "दीड आठवड्यात?" मी म्हटलं, "येतील." इतक्या ठामपणे मी कधी कुठल्या देवाचं नाव घेतलं नसेल.

नंतर रोज सकाळी टबापाशी बसायचं. पहिले काही दिवस नुसती माती होती. गंमत म्हणजे मला घाई झाली नाही, जी मला एरवी लिफ्टची वाट बघतानाही होते. मग एका सकाळी सुईच्या टोकाएवढं हिरवं दिसलं, दुसऱ्या दिवशी आणखी चार ठिकाणी.

हरतालिकेच्या संध्याकाळी कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला, तर मागे ओल्या फडक्यात बांधलेली मंडईतल्या दूर्वांची जुडी. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कोथिंबीर घेतली, फ्रिज बंद केला आणि चिरायला बसले.

चतुर्थीच्या सकाळी कात्री घेऊन टबापाशी गेले. कोवळ्या, तीन पानांच्या, जुन्या दूर्वा कधीच नव्हत्या इतक्या नाजूक. एकवीस भरल्या, वर थोड्या उरल्या. पंचामृताला दूध काढायला फ्रिज उघडला तेव्हा ती जुडी तिथे नव्हती. तबकात गेली असणार, असं धरून मी चालले. पण पूजेला सोवळं नेसून बसलेल्या नवऱ्याने दूर्वा मागितल्या, तेव्हा सासूबाईंनी पुढे केलेल्या तबकात एकच जुडी होती, माझी. दुसरी कुठे गेली, ते विचारायची ती वेळ नव्हती.

संध्याकाळच्या आरतीला समोरच्या काकू आल्या. सासूबाईंना म्हणाल्या, आम्ही दूर्वा विसरलो होतो, सकाळी तुम्ही दिल्यात म्हणून निभावलं. तुमची सून तर तेव्हा कात्री घेऊन गॅलरीत जात होती. मग माझ्याकडे वळून विचारलं, टबातल्याच ना त्या?

म्हणजे मी एकही दूर्वा तोडायच्या आधी सासूबाईंनी हातातली जुडी देऊन टाकली होती. माझ्या पुरतील की नाही, हे कुणालाच माहीत नसताना.

"छे," सासूबाई निरांजनाची वात सारखी करत म्हणाल्या, "तुम्हाला दिल्या त्या मंडईतल्या. घरच्या आमच्या गणपतीला ठेवल्या होत्या."