जुनी सीडी आणि बाबांच्या पुस्तकात राहून गेलेलं नाव

परवा रविवारी दिग्रसच्या घरी बाबांनी स्वतःचं पुस्तक स्वतः वाचलं... तब्बल दोन वर्षांनी! माझा अजून विश्वास बसत नाहीये.

बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. जिनातल्या दिवसांवर त्यांनी चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं, गावातल्याच प्रेसमध्ये छापून घेतलं. पुढे कापसाचे दिवस फिरले... जिन बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, आणि पुस्तकाची एकच प्रत उरली.

त्यात दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. आहे ती नजरही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हापासून बाबांचा एकच हट्ट, "एक डाव मले माह्या डोळ्यानं वाचू दे." मी वाचून दाखवते म्हटलं तर नाही म्हणजे नाही!

भिंगाने जमेना. पानांचे फोटो मोठे केले तर अक्षरं फाटायची आणि ओळ स्क्रीनबाहेर पळायची. टाइप करावं तर मी एका बोटाची बाई... दिवाळी उजाडली असती.

मग यवतमाळला एका कॉम्प्युटरवाल्याकडे सीडी दिसली. स्कॅन केलेल्या पानातलं मराठी ओळखून टाइप करून देणारं सॉफ्टवेअर. नवीन व्हर्जन आलं म्हणून जुनं पडून होतं, ते त्यानं मातीमोल भावात दिलं. वर "ताई, चाललं तर चाललं, परत आणू नका," हेही ऐकवलं!

घरी येऊन पहिलं पान स्कॅन केलं आणि जे काही आलं... काय सांगू! कागद इतका पातळ की मागची छपाई पुढे दिसायची, सॉफ्टवेअर बिचारं दोन्ही वाचायला जायचं. मी वैतागून सीडी फेकायच्याच बेतात होते.

बाबा खाटेवरून म्हणाले, "काहून चिडून राह्यली? झाकण पांढरं हाय नं, उजेड आरपार जाऊन वापस येते. मांगून काळा कागद लाव."

मागे काळं कार्डशीट ठेवलं... आणि स्क्रीनवर ओळीमागून ओळ उमटत गेली. मी टाळीच वाजवली हो! चुका होत्या, त्या मी आठवडाभर बसून सुधारल्या. मग अक्षरं वाढवत गेले, एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावतील इतकी.

बाबा स्क्रीनला नाक लावून मोठ्यानं वाचायला लागले. मी चहाचं आधण ठेवलं आणि गॅस लावायचाच विसरले.

शेवटच्या पानावर 'माझे सोबती' म्हणून नावांची यादी आहे. तिथे ते अडले. यादी दोनदा वाचली. "यात गंगाबाई नाही..."

गंगाबाई जिनात कापूस निवडायला यायच्या. बाबांची उजवी बाही मशीनच्या पट्ट्यात अडकली तेव्हा धावत जाऊन मशीन त्यांनीच बंद केली होती, म्हणून हात वाचला, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण बाबांनी यादी उतरवली जिनाच्या हजेरीपटावरून, आणि रोजंदारीच्या बाया त्यात नव्हत्याच! इतक्या वर्षांत आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

"छापून गेलं, आता काय होते?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, आता यात काहीही टाकता येतं. बोला, कुठे टाकू?" त्यांना पटेना. मग म्हणाले, "पह्यल्या नंबरवर." मी एकेक अक्षर दाबलं, आणि बाकीचे सगळे पुरुष गुपचूप एकेक ओळ खाली सरकले...

बाबांनी ते नाव वाचलं. मग उजवा हात डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. मी उठून आधणाखालचा गॅस पेटवला.

कॉम्प्युटरवाल्या दादा, सीडी परत आणत नाहीये हं... तुमचं भलं होवो!

उद्या मोठ्या अक्षरांची प्रिंट घेऊन आम्ही गंगाबाईंच्या घरी जाणार आहोत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवते म्हटलं. बाबा म्हणाले, "तू राहू दे. नजर हाय तोवर मीच वाचतो."