कल्पिताच्या रेंजचं खरं नाव

मनोरीत सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना जेवण करून देणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. पण अख्खी भरलेली सुरमई ओव्हनमध्ये भाजून देणारी एकच, ती म्हणजे कल्पिता. बंगलेवाले बुकिंग घेतानाच पाहुण्यांना सांगतात, "सुरमई हवी असेल तर आधी कळवा, कल्पिताताईंना विचारावं लागतं." हे ‘विचारावं लागतं’ तिच्या कानावर आलं की त्या दिवशी तिची चाल जरा वेगळी असते.

तिचं माहेर गोराईचं, घर मासेमारीचंच. लग्न होऊन मनोरीत आली तेव्हा सासूबरोबर टोपली घेऊन मालाडच्या बाजारात बसायची. गावातल्या इरावतीबाईंच्या बंगल्यावर मासळी द्यायला जायची, तीही तेव्हाच. इरावतीबाई एकट्या राहणाऱ्या, निवृत्त, खाण्याच्या शौकीन. त्यांच्या स्वयंपाकघरात कल्पितानं ती कुकिंग रेंज पहिल्यांदा पाहिली. वर चार बर्नर, खाली ओव्हन, पांढरीशुभ्र, कपाटासारखी जड. बाईंच्या नवऱ्यानं ती परदेशातून आणवली होती. मासळी देऊन झाली तरी कल्पिताचा पाय निघेना. हे बटण कशाचं, तो आकडा कशाचा, असं विचारत राहायची. बाईंनीही हातचं न राखता शिकवलं. पुढे बंगला विकून त्या लेकीकडे जायला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "नवा मालक ही भंगारात घालेल. तू घेऊन जा." दशरथनं, म्हणजे कल्पिताच्या नवऱ्यानं, दोन भावांना हाताशी धरून ती हातगाडीवर चढवली. ती आत न्यायला घराचं दार चौकटीतून काढावं लागलं होतं.

त्या रेंजवर कल्पितानं नाव कमावलं. टोपली सुटली, लेक समीक्षा शिकून बोरिवलीला ऑफिसात लागली, आणि ‘दशरथची बायको’ म्हणून ओळखली जाणारी बाई ‘सुरमईवाल्या कल्पिताताई’ झाली.

आणि मागच्या वर्षी, दिवाळी उरकल्यावर, ओव्हन रुसला. बटण दाबून धरलं की ज्योत झकास पेटायची. अंगठा काढला की फुस्स. पुन्हा दाबा, पुन्हा पेटवा, पुन्हा फुस्स. आणि नेमकी एका आजोबांच्या पंच्याहत्तरीच्या जेवणाची ऑर्डर तिनं घेऊन ठेवलेली. जेवण जानेवारीत होतं, पण त्यांनी मागितली होती ती सुरमईच.

मालाडहून मेकॅनिक आला. त्यानं खालचा पत्रा काढला, ज्योतीपाशी असलेली काडीसारखी दांडी पुसली, घासली, पुन्हा लावली. काही फरक पडला नाही.

"मावशी, हे थर्मोकपल गेलंय, ज्योत विझली की गॅस तोडणारी दांडी," तो म्हणाला. "याचा पार्ट आता कुठे मिळणार? डायरेक्ट करून देतो. दहा मिनिटांचं काम."

"डायरेक्ट म्हणजे काय?"

"म्हणजे ही दांडी मधनं काढून टाकायची. मग बटण सोडलं तरी गॅस चालू राहतो."

"आणि ज्योत विझली तर?"

"कशाला विझेल?"

कल्पितानं खिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या पलीकडे वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र. दुपारी वारा सुटला की त्या खिडकीतून येऊन तो भिंतीवरची कॅलेंडरं फडफडवायचा. "हा वारा विझवेल. मग गॅस कुठे जाईल? माझ्या घरात. नको रे बाबा, तुझी मजुरी घे आणि पत्रा होता तसा लाव."

मेकॅनिक गेल्यावर दशरथ म्हणाला, "काय गो, निदान जेवण होईपर्यंत तरी चालवून घेतलं असतंस."

"लोकांच्या घरची पोरं माझ्या अंगणात खेळतात," ती म्हणाली. "चालवून घ्यायला ही काय फाटलेली जाळी आहे?"



शनिवारी समीक्षा घरी आली. आईला घेऊन थेट बोरिवलीच्या एका शोरूममध्ये गेली. तिथे नव्या रेंज ओळीनं मांडलेल्या, काचेच्या, चकचकीत. कल्पितानं घरून सुरमईच्या मापाची दोरी नेली होती. एकेक ओव्हन उघडून तिनं दोरी आत धरून पाहिली. सुरमई सगळीकडे शेपटीत अडकत होती.

"आई, तुकडे करून भाज ना यार," समीक्षा म्हणाली.

"तुकडे सगळेच करतात गं."

परत येताना बसमध्ये समीक्षानं फोन काढला. रेंजवर समोर मोठ्या चंदेरी अक्षरांत ‘रेजिना’ लिहिलेलं होतं. त्या नावाचं थर्मोकपल शोधून तिनं लगेच मागवलं. ते आलं तेव्हा पाकीट बघून दोघी खूश झाल्या. पण लावायला गेल्यावर वाट लागली. एका टोकाचा नट बसेना, आणि दुसरं टोक ज्योतीपर्यंत पोहोचेना.

"म्हणजे आता संपलं," समीक्षा हिरमुसून म्हणाली.

"संपलं कसं? हे नाही बसलं, एवढंच कळलं," कल्पिता म्हणाली. पार्ट पुन्हा पाकिटात घालून तिनं ते परत पाठवायला दिलं. त्या रात्रीची झोप मात्र तिला नीट लागली नाही.

गोराईच्या एका रिसॉर्टच्या आचाऱ्यानं तिला अंधेरीतलं एक दुकान सांगितलं. हॉटेलांच्या शेगड्या आणि ओव्हनचे पार्ट विकणारं. कल्पिता सकाळच्या फेरीबोटीनं मार्वेला उतरली, आणि बस-रिक्षा करत विचारत विचारत तिथे पोहोचली. दुकानाचे मालक सुबोध, चष्मा कपाळावर, समोर बर्नरांचा ढीग. तिनं जुनी दांडी पिशवीतून काढून गल्ल्यावर ठेवली आणि रेंजचं नाव सांगितलं.

"रेजिना?" सुबोध हसले. "ताई, ते बनवणाऱ्याचं नाव नाही हो, विकणाऱ्याचं आहे. पूर्वी मोठी दुकानं तीन-चार कारखान्यांकडून माल घ्यायची आणि सगळ्यांवर आपलंच नाव चिकटवायची. त्यामुळे दोन रेजिना शेजारी ठेवल्या तरी आतून वेगळ्या निघतात. मला कारखान्याची पाटी हवी."

"पाटी तर कुठेच नाही. पंधराएक वर्षं रोज पुसतेय मी ती रेंज."

"पुसता तिथे नसतेच ती. दार उघडून चौकटीवर बघा. नाही तर मागच्या बाजूला. तिथेही नसेल तर ओव्हनच्या खालचा खण पूर्ण बाहेर काढा आणि आत बॅटरी मारा. गॅस आधी सिलेंडरवर बंद करा मात्र."

ती दुपारच्या बोटीनं परत आली. जेवणसुद्धा न करता दारापासून सुरुवात केली. चौकटीवर काही नव्हतं. सिलेंडर बंद करून दशरथनं रेंज भिंतीपासून ओढली. मागे नुसती कोळिष्टकं. मग कल्पितानं ताटं ठेवायचा खालचा खण रिकामा करून उपसून काढला आणि जमिनीवर पालथी पडून आत बॅटरी मारली.

"आहे गो बाई!" ती ओरडली. अगदी आत, डाव्या अंगाला, तळहाताएवढी पत्र्याची पाटी. पण तिच्यावर तेलकट काजळीचा इतका थर की पाटी आहे हे कळावं, अक्षर एकही दिसू नये.

दशरथ तारेची घासणी घेऊन आला. तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. "अक्षरं खरवडून जातील." गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तिनं फडकं भिजवलं आणि पाटीवर दाबून धरलं. धरायचं, पुसायचं, पुन्हा भिजवायचं. हात अवघडला की कूस बदलायची. हळूहळू काजळी सुटली आणि खाली ठोकून उमटवलेली अक्षरं जाणवायला लागली. बोटाला लागत होती, पण डोळ्यांना दिसत नव्हती. काळ्यावर काळंच.

मग तिला सुचलं. भाकरीसाठी मळायला काढलेलं तांदळाचं पीठ तिथेच परातीत होतं. तिनं चिमूटभर पीठ कोरड्या पाटीवर चोळलं आणि वरनं कपडा अलगद फिरवला. वरचं पीठ गेलं, खाचांतलं राहिलं. अक्षरं पांढरी होऊन उठून दिसली. ‘हॅल्डन अँड पेरी’, आणि खाली ‘एच पी ४१७’. त्याच्यापुढे आणखी एक खूण होती. ती इंग्रजी आठ होती की बी, हे तिथून कळत नव्हतं. तिनं पुन्हा पीठ चोळलं आणि बॅटरी एका बाजूनं तिरकी धरली. डावीकडची रेघ सरळ होती. आठाला सरळ रेघ कुठली? बीच तो.

दशरथनं पाटीचा फोटो काढून पाठवला, तो समीक्षानं फोनवर मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "आई, हे पिठाचं तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? रांगोळीचा साचा नाही का असतो? तसंच की."

सुबोधना फोटो गेला आणि लगेच त्यांचा फोन आला. "ताई, बी आहे म्हणून बरं झालं, आठ धरलं असतं तर दांडीची लांबी पुन्हा चुकली असती. कारखाना बंद पडलाय, पण याच मापाचं थर्मोकपल दुसरी एक कंपनी अजून बनवते. बाहेरून मागवावं लागेल. थांबाल का?"

"थांबेन," कल्पिता म्हणाली.

थांबणं सोपं नव्हतं. जानेवारी जवळ आला तसे पंच्याहत्तरीवाल्यांचे फोन वाढले. ती प्रत्येकाला एकच सांगत राहिली, "सुरमई होईल." फोन ठेवला की लगेच सुबोधना फोन लावायची.

पार्ट आल्यावर सुबोध स्वतःच आले, फेरीबोटीनं, हत्यारांची पिशवी खांद्याला. "हे मॉडेल आजवर कागदावरच पाहिलंय, म्हटलं एकदा डोळ्यांनी बघू," म्हणाले. त्यांनी नवी दांडी लावली, नट हातानंच सहज फिरला तेव्हा मान डोलावली, मग पान्यानं आवळला. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. कुठेही बुडबुडा आला नाही, म्हणजे गॅस गळत नव्हता. मग ते बाजूला झाले. "तुमची रेंज आहे ताई, तुम्ही पेटवा."

कल्पितानं बटण दाबलं. ज्योत लागली. थोडा वेळ धरून तिनं अंगठा उचलला. ज्योत तशीच, निळी, सरळ. खिडकीतून वारा आला, कॅलेंडर फडफडलं, ज्योत ढळली नाही. तिनं ओव्हनचं दार लावलं आणि पदरानं उगाचच ते पुसत बसली, कारण डोळे भरून आले होते आणि सुबोधसमोर ते दाखवायचं नव्हतं. सुबोधना तिनं जेवूनच मग जाऊ दिलं.

पंच्याहत्तरीच्या दिवशी सुरमई अख्खी गेली, डोक्यापासून शेपटीपर्यंत, केळीच्या पानावर. आजोबांनी आधी माशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खुर्चीतून उठून तिला हात जोडले. समीक्षा वाढायला आली होती. पाहुण्यांतल्या कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ही माझी आई." एरवी ती सांगतेच, पण त्या दिवशीचा आवाज कल्पिताच्या लक्षात राहिला.

हल्ली दशरथ जेट्टीवर बोटीची वाट बघणाऱ्यांना ही गोष्ट ऐकवतो. दर वेळी पाटी थोडी आणखी आत जाते, काजळी थोडी आणखी जाड होते. परवा तर त्यानं अख्खी रेंज कल्पितानं एकटीनं ओढली असं सांगून टाकलं. ती मागेच उभी होती, बाजाराची पिशवी हातात. लोक वळून तिच्याकडे बघायला लागले. खरं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मान ताठ करून बोटीत जाऊन बसली.