कापसात व्यालेली मनी आणि मोठ्या आईचा श्वास

माझी मोठी आई मांजराच्या जिभेमुळे गेली.

हसू आलं ना? गावातही लोक हसले होते. आज वर्ष झालं, माझा राग अजून उतरलेला नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची बायको. महागाव तालुक्यातलं आमचं गाव. जन्मभर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, चुलीपुढे बसून तिची छाती कामातून गेली होती. डॉक्टर सीओपीडी म्हणायचे, ती नुसतं "दम" म्हणायची. तोंडानं ओढायच्या औषधाच्या पंपावर दिवस काढायची, पण बडबड काही थांबायची नाही.

त्या साली कापसाला भाव नव्हता. येईल येईल म्हणून सगळ्यांसारखा आम्हीही तो घरातच भरला, पार आढ्यापर्यंत. खिडकी कापसाआड गेली, मोठ्या आईची खाट कोपऱ्यात.

सरकी खायला उंदीर आले. उंदरांसाठी मनी आणली.

मनी तिच्या उशाशी झोपायची. गाल चाटायची, पंपाचं तोंडही चाटायची. मोठी आई पदरानं पुसून तोच पंप ओढायची.

"लेकरू हाये मायं ते," म्हणायची.

मग ताप, पिवळा बेडका, यवतमाळला ॲडमिट. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुत्रं-मांजर आहे का?

"हाये न," मोठे बाबा म्हणाले. "पण चावली नाही, बोचकारलं बी नाही."

तपासणीत मांजराच्या तोंडातले जंतू निघाले. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण अशा छातीला ते जड जातात. डॉक्टरांनी बजावलं, मांजर लांब ठेवा, पंप धुऊन झाकून ठेवा.

बरी होऊन घरी आली, तर मनी कापसात व्यालेली.

झालं! मांजर कापसात व्याली की भाव येतो, असं आमच्या घरात मानतात. मोठे बाबा ना कापूस हलवायला तयार, ना मांजर.

"बाळंतिणीले घराबाहेर काढतेत का कोणी?"

मी मोठ्या आईला म्हटलं, मग तू तरी चल माझ्याकडे यवतमाळला.

"येतो न बापू. पिल्लायचे डोये तर उघडू दे."

मनी परत तिच्या उशाशी येऊ लागली होती. पिल्लांचे डोळे उघडायच्या आधीच मोठ्या आईला परत ताप भरला. या वेळी छातीनं साथ दिली नाही.

वॉर्डात ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाली, "मनीले मारू नोका. तिले काय समजते."

मनीवर माझा राग नाहीच. सांगूनही न ऐकणाऱ्या माणसांवर आहे. तुमच्या घरी जुन्या दम्याचं माणूस असेल तर मांजर पाळा, पण त्याच्या तोंडाजवळ आणि पंपाजवळ जाऊ देऊ नका. एवढं ऐका माझं.

तेरवीच्या आधीच मोठ्या बाबांनी कापूस विकला, मिळेल त्या भावात. गाडी भरताना ते तिथे थांबले नाहीत.

आता ती खोली रिकामी आहे. खिडकी उघडते, वारा येतो.

एवढीच जागा तुला हवी होती गं, मोठी आई.

तुला मनापासून श्रद्धांजली.