मिस्टरांनी राखलेली जागा

श्री. अबिलियो यांना मी प्रथम पाहिलं, तेव्हा ते एका रिकाम्या सीटला पट्टा बांधत होते.

आमचे हे त्या वेळी इथल्या फुटबॉल क्लबची बस चालवीत. ह्यांचा डबा घरी राहिला म्हणून मी तो द्यायला डेपोत गेले. कॉव्हेंट्रीची दमट, धुक्याची सकाळ. एकही खेळाडू अजून चढला नव्हता. ड्रायव्हरच्या मागे दुसऱ्या ओळीत, खिडकीजवळच्या सीटवर वाकून एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ पट्टा ओढत होते. तो लावून झाल्यावर त्यांनी त्यावरून हात फिरवला, लेकराला नीट बसवल्यावर फिरवतो तसा. मग वळून "गुड मॉर्निंग, दोना," म्हणाले (दोना म्हणजे त्यांच्याकडचं 'बाई') आणि मला वाट दिली. मी सीटकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

खाली येऊन मी ह्यांना विचारलं, "हे कोण हो?"

"आपले नवे मॅनेजर. पोर्तुगालचे. तिकडे कोचला मिस्टर म्हणतात, म्हणून आपणही मिस्टरच म्हणायचं."

"आणि ती सीट?"

"त्या सीटचं विचारायचं नाही," हे म्हणाले. "डब्यात लोणचं घातलंयस ना?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, इथल्या आपल्या मराठी मंडळाचे जमाखर्च लिहिणारी बाई. मिस्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी "ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहावं" असं कॅलमने कळवलं, म्हणून ही हिंमत. कॅलम कोण, ते पुढे येईलच.

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. मिस्टरांच्या कामाविषयी जे कळलं ते ह्यांच्याकडून आणि जेवताना खुद्द त्यांच्याकडून. पोर्तुगालच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावात त्यांनी सुरुवात केली. सकाळचा लिलाव आटोपून मासळीचा वास अंगावर घेऊनच मुलं सरावाला येत. तो गावचा क्लब त्यांनी वरच्या विभागात नेला. मग अंगोला, सायप्रस, आखातातला एक देश, पुन्हा मायदेश आणि शेवटी आपलं हे गारठ्याचं गाव. जिथे जातील तिथली भाषा ते आधी स्वयंपाकघरातून शिकत. आमच्याकडे फ्लूने आजारी असताना वरणभात खाल्ला आणि "आणखी", "पुरे", "तूप" हे तीन शब्द शिकून गेले. पैकी "पुरे" कधी वापरला नाही.

शिस्त मोठी कडक. पण बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक खेळाडूला दारात थांबवून ते एकच विचारीत, "छातीत, पोटात, मनात, काही जड आहे का?" मुलं थट्टा करत. कॅलम हा क्लबचा सर्वांत चांगला गोल करणारा, आणि जिभेनेही तितकाच चपळ. तो म्हणे, "सगळं हलकं आहे, मिस्टर. पाकीट तर फारच." मिस्टर हसत नसत. उत्तर मिळेपर्यंत वाट अडवून उभे राहत.

ती सीट मात्र कायम रिकामी. हे एकदा घरी येऊन म्हणाले, "सुमन, बसणाऱ्यांच्या श्वासाने काचांवर वाफ धरते ना? त्या सीटवर कुणी नसतं, तरी तिथेही धरते. तोंडाच्या उंचीवर, वाटीएवढी. मी पुसतो, पुन्हा येते."

"हीटरमुळे असेल."

"हीटर दुसऱ्या बाजूला आहे."

त्यानंतर मी देवापुढे दिवा लावताना त्या सीटसाठीही हात जोडू लागले. कुणासाठी ते माहीत नव्हतं.

एका शनिवारी सर्वपित्री अमावास्या आली. घरी नैवेद्य झाला. परतीच्या वाटेवर मुलं चिप्स खातात, म्हणून संघासाठीही मी डबे केले होते, ते सीटांवर ठेवायला बसमध्ये गेले. त्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते आपल्यापैकीच एखादीच्या हातून होईल. मांडलेल्या जागी वाढल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. पट्टा बांधलेली ती सीट मला मांडलेल्या पानासारखी दिसली. मी तिथे डबा ठेवला, झाकण असलेला पेला पाणी भरून ठेवला, हात जोडले. मागे वळले तर मिस्टर उभे.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. जागा मांडलेली होती, म्हणून वाढलं."

ते तिथेच पायरीवर बसले आणि त्यांनी मला तोमेबद्दल सांगितलं. तोमे त्यांच्या पहिल्या क्लबचा तरुण खेळाडू. बसमध्ये खिडकीजवळच बसायचा. एका सामन्याआधी म्हणाला, "मिस्टर, छाती जड वाटतेय." मिस्टर म्हणाले, "नर्व्हज आहेत, सामन्याची धास्ती. पळ." तो पळाला आणि मैदानातच पडला. उठला नाही.

"आमच्या गावात नाताळच्या आदल्या रात्री गेलेल्यांसाठी टेबल तसंच मांडून ठेवतात," मिस्टर म्हणाले. "मी फक्त सीट ठेवतो. जेवणाचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही, दोना सुमन."

बस परत आल्यावर डबे घेऊन हे घरी आले. त्या सीटवरचा डबा तसाच भरलेला होता. पेल्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं, पण आत पाणी नव्हतं. "सीट कोरडी होती," हे एवढंच बोलले. मी तो पेला पुन्हा वापरला नाही, टाकलाही नाही.

मिस्टर म्हणजे सतत गूढ, गंभीर माणूस असं मात्र कुणी समजू नये. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सराव संपवून ते रोज आमच्या मागच्या अंगणात येत. "आज कॉर्नरपर्यंत, उद्या हाफवे लाइनपर्यंत," असं म्हणत ह्यांना कुंडीपासून कुंडीपर्यंत चालवीत. हे कुरकुरले की म्हणत, "मग तुम्हाला विकून टाकतो." मी म्हणायचे, "घेणार कोण?"

आता त्या दिवसाबद्दल. मोसमातला शेवटचा सामना, परगावी. हरलो तर क्लब खालच्या विभागात जाणार होता. ह्यांचीही निवृत्तीपूर्वीची शेवटची फेरी, म्हणून मिस्टरांनी मला पुढच्या सीटवर बसवलं होतं. एप्रिल संपत आला तरी बोचरा पाऊस. कॅलम उशिरा, भिजून, धापा टाकत धावत आला आणि मिस्टरांच्या हाताखालून निसटून चढला. सगळ्या सीटांवर माणसं नाहीतर बॅगा. त्याने त्या सीटचा पट्टा सोडला आणि रिकाम्या जागेला म्हणाला, "सॉरी मेट, आज तू उभा राहा." दोघेतिघे हसले.

बस निघाली. ओल्या जॅकिटांनी सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या. कॅलमशेजारची काच मात्र धुतल्यासारखी स्वच्छ. त्याला बोटाने गोलपोस्ट काढायचा होता, म्हणून त्याने काचेवर श्वास सोडला. काही उमटलं नाही. पुन्हा सोडला. "काय काच आहे ही! धरतच नाही."

मिस्टर उठले. त्यांचा चेहरा मी पाहिला, तो मला अजून दिसतो. "काही जड आहे?"

"नाही, मिस्टर." मग छातीवर हात ठेवून, "जरासं. इथे. नर्व्हज असतील."

"तू आज खेळणार नाहीस."

मैदानावर पोचताच क्लबच्या मालकांचा फोन आला. ते इतके ओरडत होते की मला ऐकू येत होतं: कॅलम खेळला नाही तर सोमवारी तुम्ही इथे नसाल. "मग सोमवारी मी नसेन," मिस्टर म्हणाले आणि त्यांनी डॉक्टरांना कॅलमसोबत थेट हॉस्पिटलात पाठवलं.

आपण एका गोलने हरलो. आपल्या मंडळातलेही पुष्कळ त्या दिवशी स्टँडमध्ये उभे राहून मिस्टरांना शिव्या घालत होते. मी नावं घेत नाही. मिस्टर टोपी हातात घेऊन, मान ताठ ठेवून सगळं ऐकत उभे राहिले. सोमवारी त्यांची नोकरी गेली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी कॅलमला सांगितलं, की तुझ्या हृदयाचा स्नायू सदोष आहे, त्या दिवशी पळाला असतास तर कदाचित वाचला नसतास. आज कॅलम लहान मुलांना शिकवतो, दारात उभा राहून त्यांना तोच प्रश्न विचारतो, आणि हा अंक त्यानेच काढला आहे.

मिस्टर एअरपोर्टला निघाले, तेव्हा हे त्यांना आमच्या छोट्या गाडीतून घेऊन गेले. मिस्टर पुढे बसले. मागच्या सीटचा पट्टा त्यांनी स्वतः बांधला. मी दोन डबे दिले.

बस अजून चालते. नवा ड्रायव्हर म्हणतो, ती सीट रिकामी असली की तिथली काच कोरडीच असते. मिस्टर आता आपल्या त्याच समुद्राकाठच्या क्लबात आहेत. फोनवर मी विचारते, "तोमे कसा आहे?" ते म्हणतात, "आहे. खिडकीजवळ."

परमेश्वर मिस्टरांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य देवो. ज्यांनी एकासाठी इतकी वर्षं जागा राखली, त्यांच्यासाठीही पलीकडे कुणीतरी आपल्या शेजारची सीट धरून, पट्टा बांधून बसलं असेल, अशी माझी श्रद्धा आहे. ती सीट अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षं रिकामीच राहो.