काकांनी डबा नको म्हटलं

ऐका ना, आज आईने माझ्या एआयची चांगलीच शाळा घेतली.

भांडुपला आमचा डब्यांचा धंदा आहे. जेवण आई करते, बाकीचं मी बघतो. गेल्या महिन्यात मी व्हॉट्सअ‍ॅपवर एआय बसवला. गिऱ्हाईकांना आता तोच उत्तरं देतो. मी जाम खूश होतो.

आज सकाळी आई मोबाइल घेऊन आली. मागच्या बिल्डिंगमध्ये तावडेकाका एकटेच राहतात. त्यांचा मेसेज होता, "आज डबा नको." त्यावर एआयचं उत्तर, "ठीक आहे काका, धन्यवाद!"

"ठीक काय आहे?" आई म्हणाली. "आज बांगड्याचं तिखलं आहे. तो माणूस बांगड्याला नको म्हणेल?"

"अगं, बाहेर जायचं असेल त्यांना."

"फोन लाव."

काकांनी फोन उचलला नाही. आईने गॅस बंद केला आणि तशीच निघाली. मी तिच्या मागे.

बऱ्याच वेळाने काकांनी दार उघडलं. अंग तापाने फणफणलं होतं. मी डॉक्टरांना बोलावलं, आईने घरून पेज करून आणली. ती पिता पिता काका म्हणाले, "उगाच तुम्हाला कशाला त्रास?"

घरी आल्यावर आई म्हणाली, "त्या तुझ्या एआयला शिकव. कोणी नको म्हटलं की आधी का नको ते विचारायचं."

शिकवलं. पण मनातून मी ओशाळलो होतो. म्हटलं, "आई, मला आज जेवण नको."

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "का नको रे?"

तुमच्याकडे हे कोण विचारतं?