शिमाकोताई आणि माझी टाच

आमच्या गावात धक्क्याला लागूनच जमिनीतून कढत पाणी वर येतं. त्यावर दगडी कुंड बांधलंय. गुडघा दुखो, कंबर धरो की सासूशी बिनसो, माणूस तिथे पाय सोडून बसतो. या कुंडाचा स्वयंघोषित वैद्य म्हणजे मी, जिनपाची. चाळीस वर्षं मासे धरले आणि तितकीच वर्षं फुकटचे सल्ले वाटले.

ओहोटीला शिंपल्या काढायला येणाऱ्या पाहुण्यांना मीच बजावायचो, "पाऊल उचलू नका, वाळूत घासत चाला. खाली विषारी काट्याचा चपटा मासा, पाकट, निजलेला असतो." गेल्या मे महिन्यात हेच एका पाहुणीला, तिच्याकडे तोंड करून उलट्या पावली चालत, समजावताना मी ऐटीत पाऊल उचललं आणि पाकटावरच ठेवलं. त्याने शेपटीचा काटा माझ्या टाचेत खुपसला. त्यानंतर मी जे ओरडलो ते पाहुण्यांना शिकवण्यासारखं नव्हतं.

लोकांनी मला उचलून कुंडाशी बसवलं. सोसेल तितक्या कढत पाण्यात पाय घातला आणि जीव घेणारी कळ तासाभरात खरंच ओसरली. मग काय, जीभ सैल सुटली. कुंडाचे गुण मी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून ऐकवायला लागलो.

तेवढ्यात दवाखान्यातली नर्स शिमाकोताई आली. शाळेत ती माझ्या दोन वर्षं पुढे होती. तिने टाच निरखली.

"गरम पाण्यात घातलास ते बरं केलंस. पण पाण्याने कळ जाते रे, काटा नाही जात. चल, आत तुकडा राहिलाय का ते एक्स-रे काढून बघू. धनुर्वाताचं इंजेक्शनही घ्यायला हवं."

"ताई, आज टोचायला गिऱ्हाईक मिळालं नाही वाटतं?"

सगळे हसले. ती आल्या पावली परत गेली. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

पाचव्या दिवशी टाच टम्म सुजली, जखमेभोवतीची कातडी काळी पडली. यावर मी काय उपाय केला? दोन मोजे चढवले. सातव्या दिवशी तापाने फणफणून धक्क्यावर कोसळलो. शिमाकोताईनेच मला गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी टाच चिरून काट्याचे दोन तुकडे काढले, सडलेलं मांस कापलं आणि म्हणाले, पाय ठेवायचा की घोट्यापासून काढायचा ते चार दिवसांनी सांगतो. त्या चार दिवसांत मी कुणालाही सल्ला दिला नाही.

पाय राहिला. घरी आल्यावर ताई रोज पट्टी बदलायला यायची. एकदा मला राहवलं नाही.

"एवढी चेष्टा केली मी तुझी, तरी का करतेस माझं?"

तिने टाचेच्या खड्ड्यात कापूस हळूच बसवला. "आमच्या ह्यांनाही पाकटानेच काटा मारला होता. मी तेव्हा नवी नर्स. ह्यांनी विचारलं, दवाखान्यात जाऊ का? मी म्हटलं, कळ गेलीय ना, मग कशाला? बसा कुंडात."

तिचा नवरा योशिमात्सु साध्या तापाने गेला असंच आम्ही सगळे समजत होतो.

"त्या दिवशी तुला ओढत न्यायला हवं होतं," ती पट्टी गुंडाळत म्हणाली. "चार माणसं हसली आणि मी परत फिरले. चुकलंच माझं, जिनपाची."

टाच माझी, मस्ती माझी, आणि माफी ती मागत होती. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.